मेंदी लावलेल्या पिकल्या केसांचा रंग ब्लेंडर या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जमेना, कुणीतरी वाट दाखवा

वडगावचा_मागवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या वडगावचा. घरी चार माग आहेत, दिवस त्यात जातो. रात्री जेवणं झाली की ब्लेंडर उघडतो.

आमची आज्जी 78 वर्षांची आहे. परसात उन्हाला बसून ती जात्यावरच्या ओव्या म्हणते. त्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात आणि त्या आवाजावर दोन मिनिटांची फिल्म करालोय. आज्जी परसात बसलीय, पाठीमागून सकाळचं ऊन आलंय, मांडीवर सूप आहे, एवढंच दृश्य. चेहरा जमला, सुरकुत्या जमल्या. इरकल लुगड्याचा काठ तर जमणारच, आमचा तो धंदाच आहे. केस मात्र तीन आठवडे झाले जमेनात.

आज्जी दीड-दोन महिन्यांनी मेंदी लावते, लोखंडी कढईत रात्रभर भिजवून. त्यामुळे डोक्यावर तांबडे-नारंगी केस जास्त, मधेमधे काळे, आणि भांगात पांढरी मुळं वर आलेली. मी फोटोतून आयड्रॉपरनं रंग उचलला आणि प्रिन्सिपल्ड हेअर शेडरच्या (केसांचा रंग-चकाकी ठरवतो तो) डायरेक्ट कलरिंगमध्ये, म्हणजे रंग थेट द्यायच्या पर्यायात, टाकला. सगळं डोकं काथ्यासारखं दिसायला लागलं. मग मेलानिनच्या (केसातल्या मूळच्या रंगद्रव्याच्या) पर्यायात जाऊन रेडनेस, म्हणजे तांबूसपणा, वाढवला, तर दुसऱ्याच मुलखातल्या तांबड्या केसांच्या बाईचं डोकं आज्जीच्या धडावर ठेवल्यासारखं झालं. आईनं बघितलं आणि (ती आज्जीला आत्या म्हणते) म्हणाली, "तोंड आत्यांचं आहे, केस त्यांचे नव्हेत." तिचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून लिहितोय.

ब्लेंडर 4.2, त्यातलं रेंडर इंजिन सायकल्स. लॅपटॉप जुना आहे, म्हणून बाउन्स (उजेडाचा किरण किती वेळा आपटून पुढं जाऊ द्यायचा तो आकडा) सगळे 4 वर आणून ठेवलेत.

निपाणीची_अक्का

भावा, आधी ब्लेंडर बंद कर. आज्जीच्या फणीत अडकलेले पाच-सहा केस घे, पांढऱ्या कागदावर ठेव, खिडकीपाशी जा आणि एकेक बघ. बाकीचं मग.

आता कारण सांगते. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. ते केसातलं मूळचं मेलानिन काढून टाकत नाही. पांढऱ्या केसात मेलानिन नसतंच, म्हणून तिथं नारंगी रंग उघडा पडतो. काळा केस तीच मेंदी पितो, पण आत आधीच इतका उजेड शोषला जातो की उन्हात जराशी तांबूस झाक दिसते, तेवढीच. म्हणजे आज्जीच्या डोक्यावर दोन जातींचे केस आहेत आणि दोघांवर एकच मेंदी. तू दोघांची सरासरी काढून प्रत्येक केसाला तोच एक रंग दिलास. तसला केस तिच्या डोक्यावर एकही नाही.

शेडरमध्ये पर्याय मेलानिनचाच ठेव. त्यात खाली टिंट, म्हणजे वरून चढवायचा रंग, आहे, तो रंगवलेल्या केसांसाठीच दिलाय. मेलानिन किती उजेड शोषतं आणि टिंट किती शोषतो, याची आत बेरीज होते. त्यामुळे नारंगी टिंट सगळ्या डोक्याला सरसकट दे, काळे केस आपोआप काळेच राहतील. खऱ्या मेंदीचंही तसंच आहे बघ.

आता दोन जाती वेगळ्या करायच्या. कर्व्ह्ज इन्फो नोडमधून (प्रत्येक केसाची माहिती देणारा ठोकळा तो) रँडम घे. प्रत्येक केसाला 0 ते 1 मधला एक आकडा मिळतो. 0.3 च्या खालच्यांना मेलानिन 0.9, बाकीच्यांना 0.03. ही 0.3 मी अंदाजानं लिहिली, आज्जीचं डोकं बघून तू ठरव. रेडनेस खाली आण. आपल्याकडच्या काळ्या केसात युमेलानिन, म्हणजे काळं-तपकिरी मेलानिन, जास्त असतं. तू वाढवत होतास ते फिओमेलानिन, तांबड्या केसांच्या लोकांत भरपूर असतं ते.

आणि आयड्रॉपर सोड. फोटोतल्या रंगात ऊन आलं, चकाकी आली, मोबाइलनं स्वतः केलेली रंगसफेदी आली. उचलायचाच असेल तर सावलीत काढलेल्या फोटोतून, जिथं चकाकी नाही अशा जाड बटेतून उचल.

जांबोटी_रानवाट

अक्कांनी रंगाचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो. दादा, तुमचे 4 बाउन्स हेच निम्मं दुखणं आहे.

काळ्या केसांना 4 पुरतात, कारण उजेड दोन-तीन केसांतच संपतो. पांढरा किंवा मेंदीचा केस उजेड फार खात नाही. किरण एका केसातून निघून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा खोल जातो आणि परत बाहेर येतो. पिकल्या केसांचा तो मऊ उजळपणा तिथूनच येतो. चौथ्या पायरीवर तुम्ही दार लावलंत, आतला उजेड आतच मेला, म्हणून काथ्या. टोटल, ग्लॉसी (चकाकीचे) आणि ट्रान्समिशन (आरपारचे) तिन्ही बाउन्स 24 वर न्या. वेळ लागेल. फ्रेम लहान ठेवा, पण इथं काटकसर नको.

केस म्हणजे रंग दिलेली तार नव्हे, हे मला स्वतःला फार उशिरा उमगलं. 1989 मध्ये काजिया आणि के या संगणक-चित्रणातल्या संशोधकांनी केसाच्या चकाकीचं पहिलं चांगलं सूत्र मांडलं, त्यात केस म्हणजे अपारदर्शक बारीक दांडा होता. 2003 मध्ये मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरे केस मोजून दाखवलं की केस काचेच्या कांडीसारखा वागतो. काही उजेड वरच्या खवल्यांवरून परततो, त्याला केसाचा रंग लागतच नाही, ती पांढरी चकाकी. काही उजेड आरपार जातो. काही आत शिरून मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा पुढं येतो, ती दुसरी चकाकी रंगीत असते आणि पहिलीपासून जरा सरकलेली असते, कारण खवले दोन-तीन अंश कललेले असतात. तुमच्या शेडरचं च्यांग मॉडेल 2016 चं, याच पायावर उभं आहे.

तुमच्या दृश्यात ऊन पाठीमागून आहे, म्हणजे सगळा खेळ आरपार जाणाऱ्या उजेडाचा. फक्त समोर दिवा लावून रंग ठरवत असाल तर तुम्ही पांढरी चकाकीच बघत बसलाय. सूर्य मागं ठेवून मगच टिंट ठरवा. ब्लेंडर 4.0 पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (हिशोबातला उजेड स्क्रीनवरच्या रंगात उतरवणारी सेटिंग) मुळात एजीएक्स असतो, तो प्रखर उजेडातला नारंगी थोडा फिका करतो. तो फिका दिसला म्हणून टिंट भडक करू नका, आधी एक्स्पोजर खाली घ्या.

वडगावचा_मागवाला

अक्का, दादा, दोघांचे उपकार. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो.

आधी केसांचं सांगतो. आज्जीच्या फणीतून सात केस निघाले. दोन काळे. पाच मेंदीचे, आणि त्यातला एकेक केस खिडकीकडं धरला की चहाच्या गाळलेल्या पाण्यासारखा फिका, जवळजवळ सोनेरी. पाचही एकत्र चिमटीत धरले की गडद तांबडे. त्यात तीन केस मुळासकट आले होते. पट्टीनं मोजलं, मुळाकडचा दीड सेंटिमीटर स्वच्छ पांढरा, मग अगदी थोड्या अंतरात नारंगी सुरू. मेंदी लावून सहा आठवडे झालेत आणि केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, हिशोब जुळला.

ते बघून आमचं धूपछाँव कापड आठवलं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि लांबून दिसतो तिसराच. गिऱ्हाईक दुकानात तो तिसरा रंग मागतं, पण त्या रंगाचा धागा आमच्या घरात नसतो. हे मला लहानपणापासून माहीत, आणि केसांना मात्र मी तिसऱ्या रंगाचा धागा शोधत बसलो होतो.

पांढऱ्या मुळांसाठी कर्व्ह्ज इन्फोमधला इंटरसेप्ट वापरला. मुळाशी 0, टोकाला 1 असतो तो. पण नुसत्या इंटरसेप्टनं गडबड झाली. कानाजवळचे केस आखूड, अंबाड्याचे लांब, त्यामुळे पांढरा भाग कुठं बोटभर तर कुठं नखभर आला. मग इंटरसेप्टला त्याच नोडमधल्या लेंग्थनं, म्हणजे केसाच्या लांबीनं, गुणलं, की मुळापासूनचं खरं अंतर मिळालं. मॅप रेंज नोडमध्ये 0.013 पासून 0.017 मीटरपर्यंत टिंट पांढऱ्यावरून नारंगीवर नेला. भांग एकदम जिवंत झाला. आईला उठवून दाखवावंसं वाटलं, पण दोन वाजले होते.

बाउन्स 24 केले. एका फ्रेमला 11 मिनिटं लागालीत. लागू देत.

एकच राहिलंय. आज्जी खोबरेल लावते, ते दिसत नाही. रफनेस (खडबडीतपणा) कमी केला तर केस प्लास्टिकचे होतात.

निपाणीची_अक्का

तेलाचं काम शेडरपेक्षा विंचरण्यात जास्त आहे. तेल लावलं की केस एकमेकांना चिकटून बटा होतात आणि बटांच्या मधल्या फटी गडद दिसतात. क्लंप (केसांच्या बटा करणारी सेटिंग) वाढव, भांगापाशी केस डोक्याला चापून बसव. मग शेडरमधला कोट थोडासा दे, 0.2 वगैरे. तो फक्त पहिल्या चकाकीचा रफनेस कमी करतो, आतला रंग तसाच राहतो. आणि कपाळाजवळची बारीक लव मोकळी सोड, ती तेलानंही बसत नाही.

वडगावचा_मागवाला

क्लंप वाढवल्यावर झालं अक्का. कोट 0.15 वर थांबलो. आईनं बघितलं आणि काही न बोलता आज्जीला हाक मारून आणलं.

आज्जीनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "भांग वाकडा काढलास बाळा. मी नाकाच्या शेंड्यावरून सरळ काढते." खरं आहे, फोटोत मान कललेली होती आणि मी तसाच उतरवला. आज रात्री परत विंचरायला बसतोय.