पेशी आणि सीरम यांचा वाद

शरीर रोगजंतूंना कशाने हरवते, पेशींनी की सीरमने (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाने), असा हा वाद. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी सीरममधील प्रतिविषाचा शोध लावल्यावर मेचनिकोव्ह यांचा भक्षक पेशींचा सिद्धांत, म्हणजे पांढऱ्या पेशी जिवाणूंना गिळून संपवतात हा विचार, मागे पडला, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे वाटते. प्रतिविष हे घटसर्प किंवा धनुर्वाताच्या जिवाणूंनी सोडलेले विष निष्प्रभ करते. जिवाणूंचा नायनाट कसा होतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

या प्रश्नावर सीरमवाद्यांचा, म्हणजे सीरमच जिवाणूंना मारते असे मानणाऱ्यांचा, खरा भक्कम पुरावा फायफर यांचा होता. पटकीविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या गिनीपिगच्या उदरपोकळीत सोडलेले जिवाणू पेशींच्या पोटात न जाताच विरघळतात, हे त्यांनी १८९४ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी बोर्दे यांनी अशा प्रतिकारक्षम प्राण्याचे सीरम सुमारे ५५ अंश सेल्सिअसला तापवले, की त्याची जिवाणू विरघळवण्याची शक्ती जाते, पण प्रतिकारक्षम न केलेल्या प्राण्याचे ताजे सीरम थोडेसे मिसळताच ती परत येते, असे सिद्ध केले. म्हणजे उष्णतेला टिकणारा विशिष्ट घटक आणि न टिकणारा सर्वसाधारण घटक असे दोन घटक एकत्र काम करतात. गंमत अशी, की हे काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, खुद्द मेचनिकोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत झाले!

दोन्ही बाजू जोडल्या त्या लंडनमध्ये राइट आणि डग्लस यांनी. सीरममधील काही द्रव्ये जिवाणूंना चिकटतात आणि त्यानंतरच पांढऱ्या पेशी त्यांना सहज गिळतात, असे त्यांनी १९०३ मध्ये मांडले. १९०८ चे नोबेल मेचनिकोव्ह आणि सीरमच्या बाजूचे एर्लिख यांना विभागून मिळाले, ते या पार्श्वभूमीवर.