अनुभव धागा : वाळवंटात ट्रेलर घेऊन दोघेच

गेले सात हिवाळे आम्ही दोघे, मी आणि सौ., आमचा एकोणीस फुटी ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, पिकअपच्या मागे जोडून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मुक्कामाला जातो. परदेशातील मराठी मंडळींपैकी आणखी काही जोडपी असे करतात, हे अलीकडे कळले, म्हणून हा धागा. सहलीचे वर्णन थोडक्यात असावे. पाणी, वीज, स्वयंपाक आणि परस्परांचा स्वभाव यांचे काय झाले, ते मात्र सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात मी करतो. आमचा पहिला मुक्काम अँझा-बोरेगो येथे होता. सहा लाख एकरांहून मोठे असलेले हे कॅलिफोर्नियाचे सर्वांत मोठे राज्य उद्यान असून, आखून दिलेल्या तळांखेरीज मोकळ्या वाळवंटातही तेथे विनाशुल्क राहता येते. विनाशुल्क याचा अर्थ नळ नाही, वीज नाही आणि सांडपाणी सोडण्याची सोयही नाही, हे आम्हांला कागदावर माहीत होते. आमच्या टाकीत ४० गॅलन, म्हणजे सुमारे दीडशे लिटर पाणी मावते. दोन माणसांना ते चार दिवस सहज पुरेल, असा माझा अंदाज होता. दुसऱ्या संध्याकाळी पंप कोरडा फिरू लागला. घरच्या सवयीने मी नळ सोडून भांडी घासत होतो, एवढेच त्याचे कारण.

सौ. माण तालुक्यातली आहे. टँकर आला की वर्ग सोडून हंडा घेऊन धावणारी मुलगी ती, आणि इतकी वर्षे अमेरिकेत राहून ते सारे मागे पडले, असे आम्ही दोघेही समजत होतो. त्या संध्याकाळी तिने काही न बोलता टाकीचा ताबा घेतला. पुढच्या सहलीपासून ताटे आधी कागदाने पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीने ओली करून घासायची, शेवटी एका पातेल्यातल्या पाण्यात विसळायची आणि तेच पाणी संडासात ओतायचे, असा नियम झाला. याचा एक फायदा माझ्या उशिरा ध्यानात आला. संडासाचे पाणी वेगळ्या टाकीत जाते. नळाखालचे वापरलेले पाणी ज्या टाकीत साठते, ती आमच्या ट्रेलरात पिण्याच्या टाकीपेक्षा लहान आहे. म्हणजे पाणी उरले तरी सांडपाण्याची टाकी आधी भरते आणि मुक्काम तेथेच संपतो. हल्ली तेवढेच पाणी आम्हांला पाच दिवस पुरते. दिवसाचा हिशेब ती फ्रिजवर खडूने लिहिते आणि मला तो खोडण्याचा अधिकार नाही.

फिनिक्सहून

आम्ही दोघे निवृत्त असून, जानेवारीत ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या ला पोसा येथे राहतो. ही सरकारी जमीन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामासाठी परवान्यावर मिळते, आणि उत्तरेकडच्या बर्फातून पळालेली हजारो म्हातारी जोडपी तेथे आपापली चाकांवरची घरे लावून बसतात. पहिल्या वर्षी एका पहाटे आमचा हीटर बंद पडला. गॅसचा हीटर आहे, त्याला विजेचे काय, असे ह्यांचे म्हणणे होते. ज्योत गॅसची असली तरी गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि थंडीच्या रात्री तो एकटाच बॅटरी रिकामी करतो. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्यही घटते. त्यानंतर आम्ही छतावर दोन सोलर पॅनेल बसवले आणि पुण्याहून एक जाड रजई आणली. खरे सांगायचे तर, उपयोग रजईचाच अधिक झाला.

थोडे अवांतर : क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड असून त्यावर धातूचा उंट आहे. अमेरिकी सैन्याने वाळवंटात उंट वापरून पाहण्याचा प्रयोग केला, तेव्हा १८५६ साली ऑटोमन साम्राज्यातून आलेल्या एका उंटवाल्याची ती समाधी. त्याचे नाव हाजी अली. लोकांच्या तोंडी त्याचे ‘हाय जॉली’ झाले. माझे बालपण वरळीत गेले. त्यामुळे ती कथा ऐकल्यावर मी तेथे बराच वेळ उभी राहिले.

लॉस एंजेलिसहून

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटी दरीत पश्चिमेकडून उतरताना टाउन पास हा घाट लागतो. सुमारे १५०० मीटर उंचीवरून रस्ता थेट समुद्रसपाटीला येतो. नवरा सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला आणि अर्ध्यावर ट्रेलरच्या चाकांना जळका वास येऊ लागला. आम्ही बाजूला थांबून तासभर चाके निवू दिली. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची आणि ब्रेक मधूनमधून, पण ठामपणे दाबून सोडायचा, हे तेव्हा शिकलो. फर्नेस क्रीकचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारे ६० मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी तेथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आम्ही डिसेंबरात गेलो होतो आणि स्वेटर घालून जेवलो.

भांडण मात्र तळावर पोहोचल्यावर झाले. ट्रेलर मागे घेताना तो चालवत होता, मी मागून हात हलवत होते, आणि माझे ‘डावीकडे’ म्हणजे नेमकी कोणाची डावी बाजू, यावर शेजारच्या तीन ट्रेलरांतील लोक खुर्च्या लावून आमचे ऐकत होते. आता आम्ही अदलाबदल केली आहे. मी चालवते. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा. मग उलटसुलट विचार करावा लागत नाही. तो मागून फक्त ‘ये’ आणि ‘थांब’ म्हणतो.

टूसानहून

सोबत दाते दूर असलेला एक कंगवा ठेवावा. चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे नुसत्या स्पर्शाने तुटून चपलेला, पोटरीला चिकटतात आणि हाताने काढू गेल्यास हातातही रुततात. कंगवा खाली सरकवून झटक्याने उडवावे. यजमानांनी हाताने काढून पाहिले होते.

अर्व्हाइनहून

थोडा विरोधी सूर लावतो. आम्ही ट्रेलर दोन वर्षांत विकला. घराजवळ उभा करायला परवानगी नसल्याने जागेचे भाडे दरमहा भरत होतो, आणि सहली झाल्या वर्षाला तीन. शिवाय परतताना मैल्याची टाकी रिकामी करण्याचे काम दर वेळी माझ्याच वाट्याला येई. पत्नीला रात्रीचे आकाश फार आवडे. अँझा-बोरेगोजवळच्या बोरेगो स्प्रिंग्ज गावात दिव्यांवर बंधने आहेत, त्यामुळे तेथून आकाशगंगा स्पष्ट दिसते. आता आम्ही त्याच गावात हॉटेलात उतरतो. आकाश तेच आहे.

ॲडलेडहून

आम्ही ट्रेलरला कॅरॅव्हॅन म्हणतो. स्टुअर्ट महामार्गाने उलुरू या लाल खडकाकडे जाताना समोरून ५३ मीटरपर्यंत लांबीचे मालट्रक येतात आणि त्यांच्या वाऱ्याच्या झोताने कॅरॅव्हॅन डोलते. अशा वेळी ब्रेक मारू नये. वेग हळूहळू उतरू द्यावा. मागे जड आणि पुढे हलके सामान भरले की हे डोलणे वाढते. आमचे तांदूळ आणि पीठ मागच्या कपाटात होते, ते आता धुरीच्या वर आणले आहे. कच्च्या रस्त्यावर लाल धूळ प्रत्येक फटीतून आत शिरते. चहाच्या मसाल्याचा डबा मी दोन पिशव्यांत बांधते.

धागाकर्ता

स्वयंपाकाबद्दल निरोपातून दोघांनी विचारले आहे. आमच्या इन्व्हर्टरला मिक्सर झेपत नाही, म्हणून वाटण घरून गोठवून नेतो. कुकर आत चालतो. फोडणी मात्र आत दिली की धुराचा भोंगा वाजतो आणि मध्यरात्रीपर्यंत वास जात नाही, म्हणून ती बाहेर, पिकअपच्या मागच्या फळीवर शेगडी ठेवून देतो. वारा सुटला की ज्योत टिकत नाही. त्या दिवशी दहीभात.