प्लाझ्माने बसवलेल्या पॉलिॲनिलीनच्या थराची वाहकता इतकी कमी का?

प्रश्न (खानापूर):
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी १३.५६ मेगाहर्ट्झच्या प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) ॲनिलीन या सेंद्रिय द्रवाच्या वाफेपासून पॉलिॲनिलीनचा, म्हणजे वीज वाहू शकणाऱ्या बहुवारिकाचा, सुमारे २०० नॅनोमीटर जाडीचा थर काचेवर बसवला आहे. दोन ॲल्युमिनियम विजाग्रांमधल्या (इलेक्ट्रोडांमधल्या) ०.१ चौरस सेंटीमीटर क्षेत्रावर २ व्होल्ट दिले असता मार्चमध्ये जेमतेम १ नॅनोअँपिअर प्रवाह मिळाला, म्हणजे वाहकता सेंटीमीटरमागे १० चा उणे १३ वा घात सीमेन्स इतकीच आली. आम्लाने डोप केलेल्या, म्हणजे वाहकता वाढवण्यासाठी आम्ल मिसळलेल्या, पॉलिॲनिलीनची वाहकता पुस्तकांत सेंटीमीटरमागे १ सीमेन्सच्या आसपास असते. जुलैत तोच थर पुन्हा मोजला, तेव्हा प्रवाह कितीतरी वाढलेला दिसला. माझे कुठे चुकत असावे?

उत्तर (बेळगाव):
आपला हिशेब बरोबर आहे, फक्त तुलना वेगळ्या पदार्थाशी होत आहे. प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ॲनिलीनचे रेणू तुटतात आणि तुकडे वाटेल तसे जुळतात. त्यामुळे ज्या एकाआड एक द्विबंधांच्या लांब साखळीवरून विद्युतभार सरकतो ती जागोजागी खंडित होते, आणि साखळ्यांमध्ये आडवे बंध पडून थर न विरघळणारा, चिवट, पण जवळजवळ विसंवाहक बनतो. आम्लाचे डोपिंग तर त्यात झालेलेच नाही. प्लाझ्माची शक्ती कमी वॅटवर ठेवून एक नमुना करून पाहावा, कारण तेव्हा बेंझीनची वलये अधिक शाबूत राहतात, आणि ते अवरक्त वर्णपटात पडताळता येते. आयोडीनच्या वाफेत ठेवल्यावरही वाहकता वाढते.

उत्तर (निपाणी):
जुलैच्या आकड्यांवर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही. घाटालगतच्या आपल्या भागात पावसाळ्यात डेसिकेटरमधली (नमुने कोरडे ठेवण्याच्या भांड्यातली) ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल पाहता पाहता गुलाबी पडते. तेच पाणी थरात आणि काचेच्या पृष्ठभागावर शिरते, आणि मोजलेल्या प्रवाहात गळतीचा वाटा मिसळतो. त्यात अशा थरांत अडकून राहिलेले मुक्त मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले क्रियाशील तुकडे) हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावत असल्याने मार्चचा थर आणि जुलैचा थर रासायनिकदृष्ट्याही एक राहिलेला नसतो. मोजणी निर्वातातच करावी, आणि व्होल्टता दिल्यावर प्रवाह काही मिनिटे घसरत राहतो, तो स्थिरावल्यावरच आकडा लिहावा.

प्रश्नकर्ती (खानापूर):
दोघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे निर्वातातली मोजणी शक्य आहे. परंतु प्रवाह विजाग्रापाशी अडतो की थरातच, हे कसे ओळखावे?

उत्तर (निपाणी):
वरचे विजाग्र सोन्याचे करून दोन्ही दिशांनी प्रवाह मोजावा. दिशा उलटल्यावर प्रवाह बराच बदलला, तर अडथळा विजाग्रापाशी असण्याची शक्यता अधिक. फारसा बदलला नाही, तर थराच्या आतील सापळ्यांकडे, म्हणजे विद्युतभार अडकून पडतो अशा जागांकडे, पाहावे. वेगवेगळ्या जाडीचे निदान तीन थर मात्र लागतीलच.