‘जशी आहे तशी’वर सही घेतली की डीलर सुटला?

निशिगंधा: काल इथे कुणीतरी लिहिलं होतं, “सेकंडहँड घेताना डोळे उघडे ठेवायचे, नंतर रडायचा हक्क नाही.” रात्रभर ते डोक्यात राहिलं. माझ्या भावाने पुण्यातल्या एका डीलरकडून गाडी घेतली. पहिल्या पावसातच डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटले. मेकॅनिकने कार्पेट उचललं तर सीटच्या रेलला गंज आणि वायरिंगच्या कपलरमध्ये वाळलेला गाळ. गाडी पुरातली निघाली! डीलर ‘जशी आहे तशी घेतली’ या कागदावरची भावाची सही दाखवतो. अहो, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘वस्तू’ म्हणजे सगळी जंगम मालमत्ता. नवी-जुनी असा भेद त्यात नाही. दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही आपण राहतो तिथल्या. गाडी पाच लाखांच्या आतली असेल तर फी नाही, वकिलाचीही सक्ती नाही.

वाकडेवाडीचा डीलर: ताई, मालविक्री कायदा १९३० चं कलम १६ पूर्ण वाचा. गिऱ्हाइकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता तो दोष विक्रेत्याच्या गळ्यात घालता येत नाही. तुमच्या भावाने टेस्ट ड्राइव्ह घेतली ना? आम्ही आठ-दहा वर्षं जुनी गाडी विकतो. महिन्याने क्लच गेला तरी लोक पैसे परत मागायला येतात. मार्जिन किती उरतं ते कुणी विचारत नाही.

निशिगंधा: क्लचचं कोण बोलतंय? टेस्ट ड्राइव्हला आलेला माणूस कार्पेट फाडून बघतो का? पॉलिशचं कंपाऊंड मारून, सीट कव्हर चढवून ठेवलं, ते कशासाठी? करार कायद्याच्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट लपवणं ही फसवणूकच आहे.

एमएच०९: आम्ही कोल्हापूरकरांनी २०१९ ला पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडालेल्या गाड्या बघितल्यात. विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून पैसे देते, गाडी लिलावात जाते, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. पण विकणाऱ्याचे हाल कोण सांगणार? मी गाडी एजंटला दिली, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या केल्या. त्याने नाव बदललंच नाही. पुढच्या माणसाने अपघात केला आणि नोटीस माझ्या घरी!

सदाशिव पेठी: नोटीस तुमच्याच घरी येणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ खटल्यात सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव त्याची जबाबदारी. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही करून गाडी देता कशाला?

एमएच०९: शहाणपण नंतर सगळ्यांनाच सुचतं! आजारी वडिलांसाठी पैसे हवे होते. आरटीओच्या रांगेत कोण उभं राहणार होतं, तुम्ही?

सदाशिव पेठी: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना परिवहन खात्याच्या पोर्टलवर टाकली की त्याला मालक मानतात. चलन, अपघात सगळं त्याच्यावर.

वाकडेवाडीचा डीलर: अधिकृत! किती जणांनी प्रमाणपत्र घेतलंय ते बाजारात येऊन बघा. प्रमाणपत्र घेणाऱ्यांनी नियम पाळायचे आणि रस्त्याकडेच्या एजंटांनी गिऱ्हाइकं पळवायची.

मेधा: मूळ मुद्द्यावर या. डीलर आणि घरगुती विक्रेता यांत फरक आहे. शेजाऱ्याकडून घेतली तर तो व्यापारी नाही, ग्राहक आयोग नव्हे, दिवाणी कोर्ट. निशिगंधा, तुमच्याकडे पुरावा काय? नुसतं मेकॅनिकच्या तोंडचं चालणार नाही, लेखी अहवाल घ्या. आणि गाडी आत्ता दुरुस्त करू नका, आयोगाला तपासणीला पाठवायची असेल तर दोष जागेवर हवा.

निशिगंधा: भावाने घेण्याआधी व्हॉट्सॲपवर स्पष्ट विचारलं होतं, “पाण्यात गेलेली आहे का?” उत्तर आहे, “नाही. लिहून देतो.”

वाकडेवाडीचा डीलर: हे आधी सांगायचं ना! विचारल्यावर खोटं बोलला असेल तर त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्यावरून सगळ्या लाइनला चोर म्हणू नका.

निशिगंधा: सगळ्यांना म्हटलेलंच नाही. मेधाताई, गाडी गॅरेजमध्ये तशीच उभी आहे. अहवाल सोमवारी मिळेल, मग अर्ज ऑनलाइन टाकते.