हवेत पायलटचं डोकं फिरलं तर शिक्षा कोणाला?

उलवेकर
डिसेंबर २०२५ मध्ये आपलं नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून सोसायटीच्या गच्चीवर दुसरा विषय नाही. रविवारी वाद पेटला तो क्लेटन ऑस्बनवरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २७ मार्च २०१२, जेटब्लूचं न्यूयॉर्क ते लास वेगास विमान. कॅप्टन ऑस्बन हवेतच देवाधर्माचं काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. तो कॉकपिटबाहेर पडताच कोपायलटने दार आतून बंद केलं. मग हा बाहेरून दार बडवतोय, आरडाओरडा करतोय. शेवटी प्रवाशांनी त्याला खाली पाडून जखडून ठेवलं आणि विमान टेक्सासमध्ये अमॅरिलोला उतरवलं. जुलैत कोर्टाने वेडाच्या कारणाने निर्दोष ठरवलं, नोव्हेंबरात अटी घालून घरी सोडलं.

मला हे पटत नाही. विमानभर माणसांचे जीव ज्याच्या हातात, त्याला ‘त्या वेळी मी भानावर नव्हतो’ ही सूट कशी? आपल्याकडे एसटी ड्रायव्हर संतोष मानेला दिली का कोणी?

कोर्टनाका
ठाणे कोर्टात वकिली करते, म्हणून लिहिते. ही सूट नाही, कायदाच तसा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुनं भादंवि ८४. कृत्य करताना मनोविकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हेच ज्याला कळत नव्हतं, त्याचा तो गुन्हा होत नाही. ‘त्या वेळी’ हे महत्त्वाचं. आधी आजारी होता, नंतर आजारी पडला, याला किंमत नाही. आणि हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं, सरकारवर नाही.

मानेचं उदाहरण उलट बाजूने बघा. २५ जानेवारी २०१२, स्वारगेट डेपोतून एसटी काढली, नऊ माणसं चिरडली. बचाव वेडाचाच होता, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्षही झाली. कोर्टाने मानलं नाही, कारण गर्दीतून ज्या पद्धतीने बस हाकली त्यावरून त्याला कळत होतं असं धरलं गेलं. फाशी झाली, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप केली.

विटावा_पूल
म्हणजे दोन महिन्यांच्या अंतराने दोन माणसांचं डोकं फिरलं. खाकी कपड्यातला जन्मठेपेत आणि पांढऱ्या शर्टातला घरी. बरं बरं.

कोर्टनाका
@विटावा_पूल टोमणा पोचला. पण अमॅरिलोत कोणी मेलं नाही आणि डॉक्टरांचं मत कोर्टाने स्वीकारलं. देश वेगळा, पुरावा वेगळा. गरिबाला चांगला तज्ज्ञ साक्षीदार परवडत नाही म्हणत असाल, तर त्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. पण तो युक्तिवाद गरिबाला न्याय द्या म्हणून करा, आजाऱ्याला तुरुंगात टाका म्हणून नको.

उलवेकर
वकीलबाई, कायदा कळला. पण मग कोणीही येतं आणि वेडाचं सोंग घेतं.

नौपाडा_काउंटर
सोंग घेऊन जायचं कुठे, तर मनोरुग्णालयात. दादा, आपल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाला १९०१ पासूनचा इतिहास आहे. ‘तुला ठाण्याला पाठवू का’ असं आपणच एकमेकांना चिडवतो ना? निर्दोष म्हणजे दुसऱ्या दिवशी मोकळा असं नसतं. कोर्ट सुरक्षित कोठडीत ठेवायला सांगू शकतं, आणि किती दिवस ते आधी ठरलेलं नसतं. शिक्षेला निदान तारीख असते.

मी एका मानसोपचार क्लिनिकमध्ये काउंटरला बसते. पायलट येतात आमच्याकडे. कसं कळतं? पैसे रोख. पावती नको. व्यवसायाच्या रकान्यात ‘बिझनेस’. गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली की तिथेच उभं राहून फोटो काढतात आणि कागद फाडून कचऱ्याच्या डब्यात. झोप येत नाही एवढंच सांगायला आलेला माणूस असा का वागतो, ते विचारा.

उलवेकर
@नौपाडा_काउंटर हेच तर! कागद फाडताना तो शुद्धीत आहे ना? जर्मनविंग्ज या विमान कंपनीचं आठवा. मार्च २०१५, आल्प्समध्ये कोपायलटने विमान मुद्दाम डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली. त्याच्या घरी फाडलेली वैद्यकीय प्रमाणपत्रं सापडली. डॉक्टरांनी ‘कामावर जाऊ नको’ लिहून दिलं होतं, कंपनीला पत्ता नाही. गुन्हा डोंगरावर नाही, कागद फाडला तिथे झाला. लपवणाऱ्याला आत टाका.

सीवूड्सची आई
माझा मुलगा कोपायलट आहे. ट्रेनिंगचं कर्ज अजून फिटायचंय. दर वर्षी मेडिकल असतं, त्यात ‘अनफिट’ शेरा पडला की उडणं बंद, आणि पगाराचा मोठा भाग उडण्याच्या तासांवर असतो. तुम्ही वर तुरुंगाची भीती घालताय. मग तो डॉक्टरकडे जाईल की नुसती बाटली घेऊन बसेल? २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, पायलटांसाठी सहकाऱ्यांचा आधारगट उभारायला सांगितलं. कागदावर छान आहे. पण ज्याच्याशी मन मोकळं करायचं तो त्याच रोस्टरवरचा माणूस, उद्या शेजारच्या सीटवर.

उलवेकर
ताई, तुमच्या मुलाबद्दल नाही बोलत मी.

सीवूड्सची आई
त्याच्याबद्दलच बोलताय तुम्ही.

ऐरोली_थांबा
मोटरमनसारखी सायको टेस्ट घ्या आणि विषय संपवा.

कोर्टनाका
@ऐरोली_थांबा ती लक्ष, वेग आणि हात-डोळ्यांचा मेळ बघते. नैराश्य त्यात सापडत नाही.

@उलवेकर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. स्वतःहून ओढवलेल्या अवस्थेकडे कायदा वेगळ्या नजरेने बघतो. ऑक्टोबर २०२३, जोसेफ इमर्सन, ड्युटीवर नसलेला पायलट, कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसला होता. इंजिन बंद करणाऱ्या आग विझवण्याच्या हँडलना त्याने हात घातला. दोन दिवस आधी नशेची मशरूम खाल्ली होती. सुरुवातीला ८३ जणांच्या खुनाच्या प्रयत्नाचे आरोप लागले, पुढे ते सौम्य झाले, त्याने गुन्हा कबूल केला. आपल्याकडेही मर्जीने केलेली नशा हा बचाव होत नाही. पण नैराश्य कोणी मर्जीने घेत नाही.

आणि डॉक्टरांबद्दल: मानसिक आरोग्य कायदा २०१७ गोपनीयता देतो, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर बोलायची मुभाही त्याच कलमात आहे.

नौपाडा_काउंटर
मुभा आहे हो. पण डॉक्टरांना आधी कळायला तर हवं समोरचा काय चालवतो ते. रकान्यात ‘बिझनेस’ लिहिलंय.

विटावा_पूल
सगळे पायलटवरच घसरलात. मानेने ड्युटी बदलून मागितली होती, ती दिली नाही, हे खटल्यातच आलंय. तो ‘नाही’ म्हणणारा साहेब साक्षीदार म्हणून येतो, आरोपी म्हणून कधीच नाही. उलवेकर, तुमच्या यादीत त्याचं नाव कुठल्या कलमाखाली घालणार?