बांबूचा ब्रश ठीक आहे, पण टोपली कोण हलवतं?

तिखटमीठ:
काल हिरवाचाफा यांचं 'आमचं शून्य कचरा घर' वाचलं. प्रतिसाद लिहायला बसले, तो एवढा लांबला की नवा धागाच काढतेय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: घरातले प्लास्टिकचे सगळे डबे काढले, त्याजागी ४२ काचेच्या बरण्या आल्या. चौघांना बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, ऑर्गॅनिक कॉटनच्या पिशव्या, बाल्कनीत खताची टोपली. फोटो सुंदर आहेत, प्रश्नच नाही. आणि शेवटचं वाक्य, 'इच्छा असेल तर कुणालाही जमतं.' तिथे माझं डोकं फिरलं.

अहो, चांगले धडधाकट डबे काढले कशाला? माझ्याकडे सासूबाईंच्या काळातले श्रीखंडाचे डबे अजून फ्रीजमध्ये नांदतायत. एकात कोथिंबीर, एकात ओलं खोबरं, एकात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. त्यांना घराबाहेर काढून काच विकत आणणं याला मी खरेदी म्हणते. आणि स्टीलच्या स्ट्रॉ? आपल्यात घरी ताक स्ट्रॉने पितं कोण?

दुसरं, 'आम्ही खत करतो'. हे 'आम्ही' मला चांगलं माहीत आहे. माझा नवरा चार वर्षांपूर्वी एका कार्यशाळेला गेला, टोपली घेऊन आला, ग्रुपवर फोटो टाकला, ७० अंगठे मिळवले. त्या दिवसापासून साली बारीक चिरणं, थर देणं, हलवणं, अळ्या झाल्या की कडुलिंबाचा पाला शोधणं, सगळं माझ्याकडे. पाहुणे आले की तो त्यांना बाल्कनीत नेतो आणि सांगतो, 'आम्ही ओला कचरा घराबाहेर जाऊ देत नाही.'

तिसरं, फोटोच्या कोपऱ्यात एसीची दोन यंत्रं दिसतायत. एवढंच.

हिरवाचाफा:
इतकं बारकाईने फोटो पाहिल्याबद्दल आभार. डबे फेकले नाहीत, आमच्या मावशींना दिले. एक एसी सासूबाईंच्या खोलीतला आहे, वय ७८, दमा आहे. एप्रिलमध्ये पुण्यात त्यांना कसं ठेवायचं ते तुम्हीच सांगा. आणि टोपली मीच हलवते. पण मला ते आवडतं, मी त्याचं रडगाणं करत नाही.

तिखटमीठ:
डबे मावशींना दिले म्हणजे कचरा शून्य झाला नाही, पत्ता बदलला. सासूबाईंच्या एसीबद्दलचे शब्द मागे घेते. दुसऱ्या एसीबद्दलचे नाही.

गणिती_काका:
भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो. टूथब्रश वीसेक ग्रॅमचा. चार माणसं, वर्षाला १६ ब्रश, म्हणजे प्लास्टिक झालं ३०० ग्रॅमच्या आसपास. आता पंखा घ्या. जुना ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटचा. दिवसाला १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका पंख्याचे वर्षाला ११३ किलो. पण छताच्या पंख्याचा फोटो सुंदर येत नाही, म्हणून त्यावर कुणी लेख लिहीत नाही.

पिशवीचंही तेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब काढला होता. तिथल्या दुकानातल्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला साधी सुती पिशवी पन्नासेक वेळा आणि ऑर्गॅनिक कॉटनची दीडशेच्या आसपास वेळा वापरावी लागते, आणि हे नुसतं हवामानापुरतं. पाणी वगैरे सगळं धरलं तर आकडा हजारांत जातो.

हिरवाचाफा:
काका, माझी पिशवी रोज मंडईत जाते. दीडशे तर मार्चपर्यंतच होतील.

राजापूरची:
आणि जुन्या साडीची पिशवी त्या डेन्मार्कवाल्यांच्या हिशोबात धरली होती का? आमच्याकडे पिशवी कुणी विकत घेतच नाही. साडीची पिशवी होते, पिशवीचं पायपुसणं होतं, पायपुसण्याचं गाडी पुसायचं फडकं. जे त्यातून उरतं ते बोहारणीला.

गणिती_काका:
नव्हती धरली. तुमचा मुद्दा मान्य. (हे वाक्य या वर्षातलं पहिलंच, जपून ठेवा.)

दुसरा_मजला:
टोपलीचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. माझ्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर एक पर्यावरणप्रेमी राहतात. त्यांच्या टोपलीतून काळं पाणी गळतं ते थेट माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर. पावसाळ्यात चिलटं एवढी की जेवताना एका हाताने वारावं लागतं. तक्रार केली तर मला म्हणाले, 'तुम्हाला पृथ्वीची काळजी नाही.' अहो, मला शर्टांची आहे!

तिखटमीठ:
पाणी गळतं म्हणजे सुकं कमी पडतंय. ओल्याच्या निदान दीडपट सुका पाला हवा, आणि उष्टं वरण-आमटी टोपलीत ओतायची नसते. त्यांच्याकडे टोपली हलवतं कोण ते विचारा, उत्तर तिथेच आहे.

सरळसाधा:
प्रत्येक विषयात बाई-पुरुष आणायलाच हवं का? आमच्याकडे मी स्वतः हलवतो.

तिखटमीठ:
कितव्या दिवशी?

सरळसाधा:
रविवारी.

तिखटमीठ:
बरं. आणि उरलेले सहा दिवस ती आपली आपण हलते.

सरळसाधा:
ताई, तुमचं भांडण तुमच्या नवऱ्याशी आहे, ते इथे आम्हा सगळ्यांच्या माथी मारू नका. घरी बोला.

तिखटमीठ:
घरी बोलले होते. तो म्हणाला, 'मग बंद करूया टोपली.' म्हणजे पर्यावरण वाचवायचं तर मी वाचवायचं, नाहीतर कुणीच नाही!

दुसरा_मजला:
आमच्या सोसायटीत खाली गांडूळखताचा खड्डा आहे बरं का. महापालिका मिळकतकरात सवलत देते ना, सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी यांसाठी, म्हणून बिल्डरने बांधून दिला. सवलत दर वर्षी घेतली. गांडूळ मी आजवर पाहिलेलं नाही. तिथे आता चेअरमनच्या मुलाची सायकल असते. सोलर बंबाची तीच तऱ्हा. टाकी गच्चीवर, मी दुसऱ्या मजल्यावर, गरम पाणी यायच्या आत दीड बादली गार पाणी मोरीत जातं.

गणिती_काका:
ते गार पाणी बादलीत धरा, फरशीला वापरा. यात तक्रार कसली?

दुसरा_मजला:
काका, तुम्ही कधी फरशी पुसली आहे?

जर्सीकर:
तुमच्याकडे निदान कपडे उन्हात वाळतात. इथे न्यू जर्सीत आमच्या वसाहतीच्या नियमात बाहेर दोरी बांधायला बंदी आहे, म्हणे परिसराची शोभा जाते. जुलैचं रखरखीत ऊन बाहेर आणि आत ड्रायर फिरतोय. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, 'मग त्या देशात ऊन कशाला पडतं?'

राजापूरची:
दोरी नाही, ठीक. पण वर्षातून एकदा विमानाने येता-जाता त्याचं काय?

जर्सीकर:
आईला भेटायला येतो. तेवढा गुन्हा कबूल.

फुरसुंगीकर:
बराच वेळ वाचतोय. चिलटं, शर्ट, शोभा. आमच्या गावाची शोभा कुणी विचारली का? माझं लहानपण पुण्याच्या कचरा डेपोच्या वाऱ्यात गेलं. तुमच्या घरातला ओला-सुका एकत्र बांधलेला काळ्या पिशवीतला कचरा तिकडे उरुळी-फुरसुंगीला येत होता. ओला कचरा दाबून ठेवला की आत हवा नसते, मिथेन तयार होतो, मग डोंगरच पेटतो. विहिरीचं पाणी आईने प्यायला बंद केलं तेव्हा मी शाळेत होतो. ताटावर माशा इतक्या की पाहुणे जेवायला थांबत नसत. माझ्या मामाचं लग्न मोडलं, मुलीकडचे गाव बघायला आले आणि गाडीतून उतरलेच नाहीत. २०१७ ला आग लागली, मग गावाने गाड्या अडवल्या, तीनेक आठवडे. तेव्हा शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा साठला आणि तुम्हाला पहिल्यांदा वास आला. तो वास आम्हाला रोजचा होता.

म्हणून कुणी फोटोसाठी टोपली ठेवली काय, बायकोला राबवून ठेवली काय, मला फरक पडत नाही. तुमचं सालपट तुमच्या बाल्कनीत राहिलं ना, बास.

तिखटमीठ:
तुमच्यापुढे वाद घालायची माझी हिंमत नाही. पण 'बायकोला राबवून काय' हे पटलं नाही. शहराने आपली घाण गावावर ढकलली. घराने ती एका माणसावर ढकलली. सवय एकच आहे.

फुरसुंगीकर:
ताई, एका माणसाला टोपली आणि एका गावाला डेपो, यात थोडा फरक करा.

तिखटमीठ:
केला. तरी नवरा सुटत नाही.

राजापूरची:
आता कुणीतरी 'आजीच्या काळी सगळं पर्यावरणपूरकच होतं' असं लिहिणार, त्याआधीच सांगते. होतं. आमची आजी राखेने भांडी घासायची, परसातल्या केळीला मोरीचं पाणी जायचं, चूल होती. चुलीच्या धुराने तिचे डोळे गेले तेही त्यातच धरा. गॅस आला त्या दिवशी तिने शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं.

सरळसाधा:
मी तेच लिहिणार होतो. आता नाही लिहीत.

हिरवाचाफा:
'कुणालाही जमतं' हे वाक्य मी लेखातून काढलं आहे. बरण्या काढणार नाही, त्यांचे पैसे दिलेत. दुसरा एसी मुलाच्या खोलीतला आहे आणि त्यावरून आमच्या घरी आधीच युद्ध चालू आहे, इथे आणखी आघाडी उघडू नका. तिखटमीठ, एक खरंच विचारायचंय. सुका पाला कुठून आणता? मी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा ऑनलाइन मागवते, त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात. हसू नका.

तिखटमीठ:
हसले, माफ करा. तुमच्या फाटकाबाहेर रोज सकाळी कुणी पाला झाडून पेटवत असेल बघा. आमच्याकडे पेटवायचे. वॉचमनना चहा पाजून ते थांबवलं, आता कोपऱ्यात ढीग करून ठेवतात. वावळाचा आणि गुलमोहराचा आहे, हाताने चुरगळला की उत्तम होतो.

दुसरा_मजला:
मलाही हवाय. माझ्यासाठी नाही, वरच्यांच्या दारात ठेवीन.

तिखटमीठ:
रविवारी सकाळी आठच्या आत या, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते. पोतं आपापलं आणा. ढिगाशी माझा नवरा उभा असेल, पोती भरून द्यायचं काम त्याचं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.