कन्चेर्तोला ‘जुगलबंदी’ म्हणावं का?

एका पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीच्या पत्रिकेचा मराठी मजकूर करतेय. आधी संगीतकार ग्रीगचा पियानो कन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना, मध्यंतरानंतर संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी. कन्चेर्तोसाठी ‘पियानो आणि वाद्यवृंद यांची जुगलबंदी’ असं लिहिलंय. चालेल का? आणि रचनेच्या एकेका ‘मूव्हमेंट’ला ‘अंक’ म्हणू का?

— जुगलबंदी नको, ताई. तिथे दोघं जागच्या जागी एकमेकांना उत्तर देतात. इथे सूर न् सूर आधीच कागदावर उतरलेला असतो. पण तुमचा कान चुकला नाही. कन्चेर्तोच्या मागच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ झुंजणं, इटालियनमध्ये त्याचाच अर्थ झाला आपसात जुळवून घेणं. ग्रीगच्या 1868 च्या या रचनेत दोन्ही ऐकू येतं. टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांचा गडगडाट चढत येतो आणि पियानो वरच्या सप्तकातून धाडधाड खाली कोसळतो. पुढे पहिल्या भागाच्या शेवटाकडे ‘कडेन्झा’ येते, तेव्हा वाद्यवृंद गप्प आणि पियानो एकटा. त्या जागेला मराठी शब्द शोधू नका, एका ओळीत समजावून द्या.

— मग ‘पियानोवादन, साथीला वाद्यवृंद’?

— साथ तर मुळीच नाही! ब्राम्सच्याच दुसऱ्या पियानो कन्चेर्तोचा तिसरा भाग ऐका. मुख्य धून चेलो गातो आणि पियानोवादक कितीतरी वेळ हात आवरून बसलेला. याला साथसंगत कोण म्हणेल? ‘कन्चेर्तो’च ठेवा. ‘सिंफनी’ रुळलीच आहे की. मूळ ग्रीक अर्थ ‘एकत्र नाद’, म्हणून ‘स्वरमेळ’ कंसात शोभेल.

‘अंक’ मात्र टाळा. अंक म्हटलं की पडदा पडतो, टाळ्या होतात, लोक चहाला उठतात. इथे दोन भागांमध्ये सभागृह श्वास रोखून असतं. संगीतकार शूमनच्या पियानो कन्चेर्तोत तर दुसऱ्यातून तिसऱ्यात न थांबताच जातात. साधा ‘भाग’ पुरे.

आणि ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीच्या शेवटच्या भागाबद्दल दोन शब्द जरूर घाला. आठ सुरांची एक ओळ, तिच्यावर 30 रूपं आणि मग समारोप. तबलावादनात लेहरा फिरत राहतो, तशी ती ओळ भागभर फिरते. फक्त कधी बासरीच्या वेदनेखाली दडते, कधी ट्रोम्बोनमधून उघडी होते. हा दाखला आपल्या श्रोत्यांना लगेच पोचेल.

— लेहऱ्याचा दाखला घेतला! ग्रीगचा कन्चेर्तो ‘ए मायनर’मध्ये, म्हणजे ‘ए’ हा षड्ज धरून आहे; त्यापुढे ‘पांढरी सहा’ लिहू का?

— लिहा. पेटीवर बोट ठेवून बघता येईल.